पाच पोथ्या आणि एक लाथ

आमच्या घरात पाच पोथ्या होत्या आणि पाचही आमच्यापेक्षा चांगलं नेसत. मला वर्षाकाठी एक परकर मिळे, तोही आईच्या जुन्या लुगड्यातून काढलेला. पोथ्यांना मात्र दर दसऱ्याला नवे रुमाल. सगळ्यांत जाड पोथीला रेशमी, तिच्याखालच्या दोघींना सुती पण रंगीत, चौथीला पांढरा, आणि पाचवी मराठीत होती म्हणून तिला पासोडीचा तुकडा. कपड्यावरून माणसाची किंमत करायला मी तिथेच शिकले, आणि ती किती चुकते हेही तिथेच शिकले.

माझे वडील, आबा, सालोत्री होते, म्हणजे घोड्यांचे वैद्य. पुण्यात, कसबा पेठेच्या पूर्वेला, नागझरीच्या काठी एका पागेदाराची पागा होती. तिच्या भिंतीला लागून आमची दोन खोल्या आणि अंगण असलेली जागा होती. जागा पागेदाराची. आबा घोडी बरी करत होते तोवर आमची. अंगणात नेहमी एखाददुसरा आजारी घोडा बांधलेला असायचा, आणि मी त्याच्या फुरफुरण्यावर झोपायची नि उठायची. आता माझ्या सुनेच्या घरात घंटा वाजते, पोपट ओरडतो आणि तीन लेकरं एकदम रडतात, तरी मला घर सुनं वाटतं. रवंथ न करणाऱ्या जनावराच्या चावण्याचा एक आवाज असतो, खलात मिरी कुटल्यासारखा. तो ज्यानं लहानपणी ऐकला त्याला दुसरी कोणतीच शांतता पटत नाही.

खाणं आमचं आणि घोड्यांचं एकाच पोत्यातलं. हुलग्यांतले जाडे भिजवून, उकडून घोड्यांना चंदी म्हणून जात आणि उरलेल्याचं पीठ करून आई आमच्यासाठी माडगं करी. घोड्यांच्या चंदीत गूळ पडे, आमच्या माडग्यात मीठ. मी एकदा विचारलं की आपल्याला गूळ का नाही, तर आई म्हणाली, "तू मोहिमेवर जातेस का?" संपलं. आजारी घोड्याला कोंड्याची पेज लागे. तीही आईच करायची, मोठ्या काळ्या मडक्यात, आणि पेज तयार झाली की वासावरून घोडा खिंकाळायचा. आमच्या घरात आईच्या स्वयंपाकाला दाद देणारा तेवढा एकच.

मी शिकले ते थोडंच. देवळाच्या ओसरीवर एक पंतोजी बसत. त्यांच्यासमोर धुळपाटीवर मी अक्षरं गिरवली, बाराखडी केली, पाढे दहापर्यंत गेले, आणि पंतोजी आबांना म्हणाले, "मुलीला इतकं पुरे." त्यापुढे मला कोणी शिकवलं नाही. पुढे आयुष्यात जे पुष्कळ शिकलेले भेटले, ते पाहून मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण ती तेवढी अक्षरं माझ्या उपयोगी पडली, कारण आबांच्या डोळ्यांना पाणी येऊ लागलं. बारीक अक्षर दिसेना. पोथ्यांच्या कडा झिजल्या होत्या, म्हणून त्यांनी ठरवलं की पाचांवरून एक नवी सहावी पोथी उतरवायची आणि ती ठकूनं उतरवायची. ठकू म्हणजे मी. वय दहा.

पहिल्या दिवशी त्यांनी पाचही रुमाल सोडून पाटावर मांडले आणि एकेकीची ओळख करून दिली. सोयरीक जुळवायला आल्यासारखी.

"ही मूळ पोथी. हिच्यावर ह्या दुसरीनं टीका केली आहे. अवघड शब्द सोडवलेत. ही तिसरी त्या दोघींचं सार. ही चौथी म्हणजे ठिकठिकाणचं वेचून एकत्र केलेलं. आणि ही पाचवी आपल्या शिपायांना पाठ व्हावी म्हणून मराठी ओव्यांत."

मी विचारलं, "म्हणजे पहिलीनं सांगितलेलंच बाकीच्या चौघींनी सांगितलं?"

"म्हणजे पाच जणींनी सांगितलं," आबा म्हणाले.

आबांची सगळी विद्या ह्या एका वाक्यात होती. गावात भांडण झालं की पंच बसतात. पाच माणसांनी मान डोलावली की ते खरं. आबा आपल्या पोथ्यांना पंचच म्हणत. कोणी शिलेदार घोडा घेऊन आला आणि "हे औषध नक्की का?" असं विचारलं की आबा छाती पुढे काढत आणि म्हणत, "पाची पंच एका तोंडानं बोलतात." ते एकाच तोंडाचं ऐकून बोलत असतील, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. मलाही आलं नसतं. पण वाचणारा पुढचं आठवून वाचतो, आणि मी उतरवत होते. मला पुढचं काही येत नव्हतं. दिसेल तेवढंच लिहायची.

पोटशूळाच्या प्रकरणात मूळ पोथी म्हणत होती की चार जिनसा घ्याव्या. हिंग, सैंधव, ओवा. मी चौथी शोधली. नव्हती. पुढच्याच ओळीत डागणीचा विषय सुरू: लोखंडाची सळई लाल करून बेंबीभोवती सात डाग द्यावे. मी दुसरी पोथी काढली. तिथेही चार जिनसा, नावं तीन, आणि टीकाकारानं चार हा आकडा कसा शुभ आहे यावर अर्धं पान खर्च केलं होतं. दिशा चार, वर्ण चार, घोड्याचे पाय चार. तिसरीत चार म्हणून तीन. चौथीत तसंच. ओव्यांमध्ये तर चार हा शब्द यमकात बसवला होता आणि तीन औषधं झाल्यावर ओवी संपली होती.

मी ते आधी आबांना नाही, इमामभाईंना सांगितलं. इमामभाई पागेतले मोतद्दार, घोड्यांची देखभाल करणारे. त्यांचं घराणं पुण्यात आमच्याही आधीपासूनचं. त्यांच्या बापानं आणि आज्यानं हेच काम केलं होतं. त्यांना अक्षर येत नव्हतं. पुढचे दोन दात नव्हते आणि डावा कान अर्धा होता. ते घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होते.

"पाच पोथ्या, आणि पाचांतही तीच जिन्नस हरवली?" ते म्हणाले. "बेटी, पाच बायका पाण्याला गेल्या आणि पाचींच्या घागरीला एकाच जागी भोक असेल, तर घागरी एकाच कुंभाराच्या."

"मग खरं कोणाचं धरायचं?"

त्यांनी खूर खाली ठेवला. "ज्यानं पोथी लिहिली त्याला लाथ बसली होती का?"

"पोथीत तसं काही नाही."

"बसली असती तर पहिल्या पानावर असतं," इमामभाई म्हणाले. "हा दात काळ्या तट्टाचा. हा पंचकल्याणीचा. कान चावला त्याचं नाव मी घेत नाही. मला जे येतं ते ह्यांनी शिकवलं. तुझ्या आबांना विचार, त्यांच्या पंचांचे दात शाबूत कसे?"

मी आबांना तसं विचारलं नाही. मी बोलते फटकळ, पण जेवायला घरीच असायची.

आता आईच्या भिंतीबद्दल सांगायला हवं. आईला एक अक्षर येत नव्हतं, आणि ती पोथ्यांचे रुमाल धुण्यापलीकडे त्यांच्या वाटेला जात नसे. पण कोणत्या घोड्याला किती दिवस पेज द्यायची ते तिला ध्यानात ठेवावं लागे. डाग दिलेल्या घोड्याला सात दिवस पेज. डाग न दिलेल्याला एक दिवस, फार तर दोन. म्हणून चुलीच्या डाव्या अंगाला ती सातदिवशांच्या रेघा ओढी, उजव्या अंगाला एकदिवशांच्या. गेरूच्या. घोडा आपल्या पायांनी गेला की रेघेच्या डोक्यावर एक ठिपका. ओढून न्यावा लागला की रेघेवर आडवी फुली. डावीकडचे सगळे आबांनी बरे करायला घेतलेले. उजवीकडचे आबा मोहिमेवर असताना आलेले, म्हणजे इमामभाईंच्या हाताखालचे. इमामभाईंना पोथी नव्हती, म्हणून ते डागत नसत. ते हिंग, ओवा आणि सैंधव जवसाच्या कोमट तेलातून पाजत आणि मग घोड्याला चालवत, चालवत, चालवत. स्वतः थकले की दुसऱ्याच्या हातात दोर देत, पण घोड्याला पडू देत नसत.

दरवर्षी दसऱ्याआधी आई भिंती पांढऱ्या मातीनं पोतारी आणि वर्षाच्या रेघा पुसल्या जात. त्या वर्षी पोतारायच्या दिवशीच साळू आजारी पडली, म्हणून रेघा अजून भिंतीवर होत्या.

साळू ही पागेदाराची घोडी. भीमथडीची, तांबूस, कपाळावर चांदवा. घोडीला चुलत बहिणीसारखं नाव का ठेवलं ते पागेदारच जाणे, पण बहिणीवर नसेल इतका त्याचा जीव तिच्यावर होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून तिच्यावरच बसून तो मोहिमेवर निघायचा होता. दसऱ्याला चार दिवस होते. पागेत नवी बाजरी आली होती, एका पोत्याचं तोंड सुटलं होतं, आणि साळूनं सकाळ व्हायच्या आत त्यातली पोटभर, आणि पोटाच्या पलीकडेही, खाल्ली. इमामभाईंनी तिला आमच्या अंगणात आणलं तेव्हा ती घामानं काळी झाली होती. पुढच्या पायानं जमीन उकरत होती आणि मान वळवून वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती, तिथे कोणी हाक मारतंय अशी.

आबांनी तिच्या पोटाला कान लावला आणि आईला सांगितलं, "डागणी चुलीत घाल."

आई जागची हलली नाही. ती म्हणाली, "अहो, एकदा भिंत बघा."

"भिंत काय बघायची?"

"डावीकडे फुल्या किती आहेत बघा."

मी मध्ये पडले. मी मोजून ठेवल्या होत्या. डावीकडे नऊ रेघा, पाच फुल्या. उजवीकडे अकरा रेघा, एक फुली. मी ते सांगितलं, आणि त्याच श्वासात पोथ्यांमधली चौथी जिन्नसही सांगून टाकली. पाचांतही नाही, एकीतही नाही.

आबांनी मला मारलं नाही. ते कधी मारत नसत. ते हसले, आणि ते जास्त लागलं. "पोथ्या खोट्या आणि चुलीमागची भिंत खरी?" म्हणाले. "चल, चौथी जिन्नस दाखवतो तुला. टीकेत आहे." त्यांनी रुमाल सोडले. पान डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, मग माझ्या हातात दिलं. "वाच." मी वाचलं. "पुढची काढ." वाचलं. पाचवी ओवी संपली तेव्हा आबा पाटावर बसले होते. तीस वर्षं ते हे प्रकरण म्हणत आले होते आणि चौथ्या जागी दरवेळी आपल्याच मनानं सुंठ घालत आले होते. सुंठ पोथीत आहे असंच त्यांना वाटत होतं. बाहेर साळूनं खांबाला डोकं घासलं आणि तो आवाज आम्हा तिघांना ऐकू आला.

"हे कुणापाशी बोलू नकोस," एवढंच ते मला म्हणाले.

तेवढ्यात पागेदार आला. अंगानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. त्यानं साळूच्या मानेवर हात ठेवला आणि आबांकडे न बघता बोलला, "सालोत्री, शास्त्राप्रमाणे सगळं करा. शास्त्राप्रमाणे केलं आणि गेली, तर तिचं आयुष्य तेवढं. मी शब्द काढणार नाही. पण काही भलतं केलंत आणि गेली, तर दसऱ्याला मी निघायच्या आत ही जागा मोकळी पाहिजे."

पोथ्यांचा खरा उपयोग काय ते मला त्या क्षणी कळलं. घोडा बरा करायला त्या लागत नव्हत्या. घोडा मेल्यावर लागत होत्या. डागून मारली तर आम्ही घरात. न डागता मेली तर आई, मी आणि काळं मडकं रस्त्यावर. मोहिमेच्या तोंडावर दुसऱ्या कोणत्या पागेनं घोडी मारलेला सालोत्री ठेवला नसता. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई चुलीपाशी उभी होती, डागणी हातात, अजून गार.

आबा उठले, हातपाय धुतले, खांद्यावर उपरणं घेतलं आणि पागेदाराला म्हणाले, "सरकार, शास्त्राप्रमाणे म्हणालात म्हणून विचारतो. शास्त्र पुरतं ऐकणार का? अर्धवट वाचून इलाज केला तर दोष लागतो."

"ऐकतो की. मागाहून मला कोणी सांगायला नको की काही चुकवलंत."

"मग बसावं. आणि इमामभाई, मी वाचून होईतो घोडीला नुसती उभी ठेवू नका. बसेल. आणि कोरड्या पोटी इलाज सोसत नाही, तेव्हा जे काय तेलपाणी पाजता ते पाजून घ्या."

इमामभाईंनी आबांकडे बघितलं. "जी, बुवा," म्हणाले, आणि दोर हातात घेतला.

आबांनी वाचायला सुरुवात केली. वाचलं कसलं, म्हटलं. डोळ्यांना दिसत नव्हतं पण मुखोद्गत होतं. मी शेजारी बसून पानं उलटायची, खरं वाचन चाललंय असं दिसावं म्हणून. पोटशूळाचं प्रकरण नव्हे, पोथी पहिल्या पानापासून. आधी वंदन. मग घोड्याची उत्पत्ती, पूर्वी घोड्यांना पंख होते ते. मग रंग, भोवरे, शुभ भोवरे, अशुभ भोवरे. पागेदाराला साळूच्या छातीवरच्या भोवऱ्याची चिंता वाटू लागली, तेव्हा त्यावर टीका काढली. मागे अंगणात साळूचे खूर जमिनीवर पडत होते. एक फेरी, दोन फेऱ्या, ओव्याचा नि हिंगाचा वास, इमामभाईंचं "चल बाई, चल बाई." ऊन खांबावरून उतरून उंबऱ्याशी आलं. पागेदारानं दोनदा विचारलं, "डागणी तापली का?" आतून आई म्हणाली, "लाकडं ओली आहेत." दुसऱ्यांदा म्हणाली, "अजून लाल नाही झाली." मी आत डोकावले तर डागणी कोपऱ्यात उभी होती आणि चुलीवर भाकरी फुगली होती.

तिसऱ्या पोथीत साळू पडली. अंग झोकून दिलं आणि लोळायला लागली. पागेदार उठला, "सालोत्री, बास झालं वाचन!" म्हणाला. आबा थांबले नाहीत. इमामभाई एका हातानं दोर ओढत होते, दुसरा हात पुरत नव्हता. मी पानं टाकून धावले आणि गळ्याखालचा पट्टा धरून ओढला. ती उठली. उठताना मागचा पाय जिकडे जायचा तिकडे गेला, आणि वाटेत माझी डावी नडगी होती.

आवाज कोरड्या काटकीसारखा. दुखलं ते नंतर. आधी मला एवढंच दिसलं की घोडी उभी आहे आणि चालतेय. मला भिंतीला टेकवून ठेवलं. आबा एकदा माझ्याकडे आले, कपाळाला हात लावला, आणि परत जाऊन चौथी पोथी उघडली. त्यांनी माझ्यापाशी बसून राहायला हवं होतं असं पुढे माझ्या सुनांनी ही गोष्ट ऐकून म्हटलं आहे. ते बसले असते तर डागणी तापवावी लागली असती, हे त्यांना समजावून मी थकले.

पाचवी पोथी निम्मी झाली होती, दिवेलागण व्हायची होती, तेव्हा साळू अंगणाच्या मधोमध थांबली. शेपूट उचलली. जे व्हायला हवं ते झालं, भरपूर झालं, आणि पागेदाराच्या नव्या जोड्यांपासून हातभर अंतरावर झालं. मग तिनं मान झटकली आणि आईच्या मडक्याच्या दिशेनं बघून खिंकाळली. इमामभाई जमिनीवर बसले. पागेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पोथ्यांपुढे वाकला, पाचींना हात लावून हात कपाळाला नेला आणि म्हणाला, "नुसत्या श्रवणानं! डागणीसुद्धा लागली नाही!"

आबा "होय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोथ्यांना पाच शेले आले. इमामभाईंना घोडी नेता नेता एक "शाबास" मिळाली, तीसुद्धा घोडीला दिली की त्यांना ते नीट कळलं नाही. जागा राहिली.

माझी नडगी इमामभाईंनीच बसवली, बांबूच्या कामट्या बांधून. आबांच्या पोथ्यांत नडगी मोडलेल्या घोड्याचं काय करावं ते स्पष्ट होतं, आणि त्यावर पाची पंचांचं एकमत होतं, पण आबा तेवढ्यापुरते शास्त्र सोडायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी मी खाटेवर पडून होते आणि आई भिंत पोतारत होती. मी ओरडले, "अगं, रेघा पुसू नकोस! मी उतरवून घेते!" तिचा हात थांबला नाही. "मला आठवतं की," म्हणाली. "आणि घोडे काय, पुढच्या वर्षीही आजारी पडतील." पांढऱ्या मातीच्या तीन हातांत नऊ आणि अकरा दोन्ही गेले.

खरं सांगायचं तर त्या भिंतीवरही माझा आता पुरता विश्वास नाही. डावीकडचे घोडे आबांकडे आलेले, आणि आबा घरी असताना लोक दुरून दुरून, मरायला टेकलेले घोडे आणत. आबा मोहिमेवर असताना किरकोळ दुखणीच येत असतील. फुल्या डागण्यानं पडल्या की आधीच ठरलेल्या होत्या, ते भिंत सांगत नव्हती. हे मला फार वर्षांनी सुचलं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मेला नाही तरी डागलेल्याला सात दिवस पेज करावी लागे. मला एवढं पुरेसं होतं." लिहिणाऱ्याला काय हवं होतं तेही बघावं लागतं. आईला पेज टाळायची होती. तिनं निदान ते लपवलं नाही.

पाय बांधलेला असतानाच सहावी पोथी पुरी झाली. पोटशूळाशी आलो तेव्हा आबांनी पाचही पोथ्या रुमालांत बांधल्या. मग म्हणाले, "लिही. हिंग, सैंधव, ओवा, आणि चौथी जिन्नस चाल. घोड्यास चालवावे, पडू देऊ नये. पुढे लिही, डाग देऊ नये."

"असं पाचांत कुठं आहे?"

"सहावीत आहे."

"मग इमामभाईंचं नाव घालू?"

"वेडी का काय? मोतद्दाराचं नाव घातलं तर कोण वाचेल?"

"आईचं?"

"शास्त्रात कोणाच्या आईचं नाव असतं?" आबा म्हणाले. "लिही, 'ऐसे पूर्वाचार्यांचे मत आहे.'"

मी लिहिलं. अक्षर बरं आलं होतं.

लंगडी म्हणून माझी दोन स्थळं मोडली. तिसऱ्या ठिकाणी बुधवार पेठेत कागदवाल्याच्या घरी दिली, आणि तिथे कुणाला मी धावायला नको होते. हे लिहिते तो जुन्नरी कागदही दुकानातला उरलेलाच. आबा गेल्यावर सहाही पोथ्या माझ्याकडे आल्या. आई त्याआधीच गेली होती. ती काहीच मागे ठेवून गेली नाही. भिंत तर दुसऱ्याची होती.

मागच्या महिन्यात एका बड्या सरदाराच्या पोथीखान्यातले एक शास्त्री आमच्याकडे आले. जुन्या पोथ्या गोळा करत फिरतात. गोरे, नितळ, बत्तीसही दात जागेवर. त्यांनी सहा पोथ्या ओळीनं मांडल्या, ताडून पाहिल्या, एकदा पाहिल्या, दोनदा पाहिल्या, आणि सहावी दोन्ही हातांत उचलून धरली.

"आजीबाई, ही कुठून आली?"

"घरातलीच."

"ह्या पाचांत चौथी जिन्नस गळालेली आहे. फक्त हिच्यात आहे. कळलं का? ह्या पाच एका कुळाच्या, आणि ही त्यांच्याही आधीची. हेच मूळ. पूर्वाचार्यांचं वचन हिच्यातच टिकलंय." त्यांनी ती कपाळाला लावली.

मी म्हटलं, "ती मी लिहिली. दहा वर्षांची होते. चौथी जिन्नस नागझरीकाठच्या एका मोतद्दाराची. डाग देऊ नये ते माझ्या आईचं. पूर्वाचार्य माझ्या वडिलांनी घातले, भीतीपोटी."

शास्त्री म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हसतात तसे हसले. म्हातारीचं डोकं फिरलंय हे त्यांनी माझ्या मुलाकडे बघून ठरवलं. "आपण उतरवली असेल," म्हणाले. "पण कशावरून, ते लहानपणी आपल्याला कसं कळणार? आपण म्हणता त्याला आधार काय? कुठं लिहिलेलं आहे का?"

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं, "पण आहे." आणि लुगडं घोट्याच्या वर, नडगीपर्यंत घेतलं, जिथे हाड वाकडं जुळलं आहे आणि साळूच्या नालेचा अर्धा चंद्र अजून पांढरा दिसतो.

शास्त्र्यांनी घाईनं डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच सहावी पोथी चाचपून रेशमी रुमालात बांधली.